वालाचा वानवळा

बोरीचा माळ, ता. तळा
१४ ऑक्टोबर २०२४

विहीणबाई येसूबाईंना मनुबाईचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, घरात सगळे धडधाकट आहेत. माझे कान आता फोनच्या कामाचे राहिले नाहीत. परवा तुम्ही "पडवळ लागलं" म्हणालात, मला "पडले, लागलं" ऐकू आलं, आणि मी दिवसभर तुमच्या हाडांची काळजी करत बसले. त्यापेक्षा कागद बरा. सातवीपर्यंत शिकले आहे, अक्षर लागतं.

कामाचं लिहिते. गेल्या दिवाळीला आमची सुचिता, म्हणजे तुमची सून, इथे आली होती. तिच्याजवळ मी अधोलीभर, म्हणजे दोन शेर, कडवे वाल तुमच्याकडे ठेवायला दिले होते. तुमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत तुम्ही दहाबारा घरांनी मिळून बाग केली आहे, तिथे टोका म्हणजे बी नवं होईल, असं तिला सांगितलं होतं. माझी सासू बी कधी एका घरात ठेवत नसे. एक वाटा आपल्याकडे आणि एक दुसऱ्या गावात, विश्वासाच्या माणसाकडे.

ते बी आता मला हवं आहे. माझ्या वाट्याचं मी गेल्या थंडीत टोकलं होतं. पूर्वी भात कापून झालं की सगळं गाव वाल करायचं, म्हणून सगळं गाव गुरं बांधायचं. आता वाल करणारी मी एकटी, त्यामुळे गुरं मोकाट. दोनदा टोकले, दोनदा फस्त झाले. काळूरामच्या म्हशी होत्या. त्याला बोलायला गेले तर म्हणतो, "काकी, वाल काय, बाजारात भेटतान की." त्याच्या म्हशीही बाजारात भेटतात, म्हणून मी त्या खाऊन टाकायच्या का?

हे वाल बाजारात मिळत नाहीत. शेंग बारीक, दाणा तांबूस, आणि बिरडं खाऊन झालं की जिभेखाली एक कडसर चव रेंगाळते. माझ्या सासूच्या सासूपासूनचे आहेत आणि आता माझ्याकडे एक दाणा नाही. जे काही आहे ते तुमच्याकडे.

यंदा तारेचं कुंपण घातलं आहे. भात पंधरा दिवसांत निघेल. जमिनीत ओल आहे तोवर वाल टोकायला हवेत. निम्मे पाठवा, निम्मे तुमच्याकडे राहू द्या.

मनुबाई


उलवे
२२ ऑक्टोबर

मनुबाई विहीणबाईंना येसूबाईचा नमस्कार.

पत्र मिळालं. गेटवरच्या वॉचमनने ते चार दिवस टेबलाच्या खणात ठेवलं होतं. माणसांना पत्रं येतात हे त्याला माहीतच नव्हतं. मी त्याला चांगलं माहीत करून दिलं.

बागेचं म्हणाल तर झकास आहे. लाल माठ हातभर झाला, त्यात बारीक कोलंबी, आपली करंदी घालून केला तर आमच्या मजल्यावरची तीन घरं वाट्या घेऊन आली. पडवळ इतकं लागलं की वाटून वाटून दमले. भेंडी सरत आली, आता मुळा आणि मेथी टाकू. ही सगळी माणसं भाजी आणायची ती प्लॅस्टिकच्या डब्यातून. पडवळाला खाली दगड बांधतात म्हणजे ते सरळ वाढतं, हे बघायला चौथ्या मजल्यावरून लोक उतरून आले होते. मी मिठागरावरची बाई, माझा सगळा जन्म मिठात गेला, पण यांच्यात मीच शेतकी खात्याची साहेबीण.

त्रास एकच, आमचा सेक्रेटरी विनेश. बागेत चप्पल कुठे काढायची याचीसुद्धा तो नोटीस लावतो. शेणखताला वास येतो म्हणून त्याने मीटिंग बोलावली होती. मी म्हटलं, तुझ्या गाडीच्या धुराला अत्तराचा वास येतो का. सगळे हसले, पण शेणखत आता गच्च झाकून ठेवावं लागतं.

वाल ना, झाले की. छानच झाले. तुमच्या वानवळ्याचं इथे सगळ्यांनी कौतुक केलं. दिवाळीची गडबड आहे, तुमच्या जावयाच्या, केतनच्या, मालाच्या गाड्या बंदरात अडकून पडल्यात, घरात कोणाचं डोकं ठिकाणावर नाही. सवडीने बघते.

येसूबाई


बोरीचा माळ
२८ ऑक्टोबर

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. लाल माठ कळला, पडवळ कळलं, सेक्रेटरीची चप्पल कळली. वालाच्या वाट्याला तुम्ही दोन ओळी दिल्यात आणि त्यातही "वानवळा" हा शब्द घातलात. तो शब्द मी चष्मा पुसून पुन्हा वाचला.

शेतात पहिलंवहिलं काही आलं की सोयऱ्याधायऱ्यांना चाखायला पाठवतात, त्याला आमच्याकडे वानवळा म्हणतात. तुमच्याकडेही तेच म्हणत असणार, पनवेल आणि तळा काही दोन मुलुख नाहीत. वानवळा खातात. ज्याने पाठवला तो पुन्हा त्याचं नाव काढत नाही. मी वानवळा पाठवला नव्हता. मी बी ठेवायला दिलं होतं. राखेत घोळवलेलं बी कोणी चाखायला पाठवतं का, तुम्हीच सांगा.

सरळ विचारते, सरळ उत्तर द्या. किती झाडं झाली? त्यातल्या किती झाडांना चिंध्या बांधल्यात? बियाला राखलेल्या झाडाला चिंधी बांधतात आणि त्याच्या शेंगेला मग घरचं पोरसुद्धा हात लावत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. शेंगा झाडावर वाळवल्यात ना? दाणे कशात ठेवलेत?

सुचितेला विचारलं तर ती म्हणते, "आई, तुमचं तुम्ही दोघी बघा." माझी मुलगी माझ्याशी असं कधी बोलत नाही. काहीतरी आहे आणि ते मला कळत नाही, म्हणून माझा जीव थाऱ्यावर नाही. भात परवा कापायला घेतलं.

मनुबाई


उलवे
९ नोव्हेंबर

मनुबाईंना नमस्कार.

इतकं रागवायला काय झालं? मी मुलगी नांदवते तुमची, तिला कधी उंच आवाजात बोलले नाही, आणि तुम्ही मला मूठभर वालांवरून चोरासारखं विचारता. चिंध्या बांधल्या होत्या. पाच झाडांना बांधल्या होत्या, माझ्या जुन्या लाल लुगड्याच्या.

त्यावर काय झालं ते ऐका. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये विनेशची नोटीस: "बागेतील झाडांना चिंध्या बांधून अंधश्रद्धा पसरवू नये. लहान मुले घाबरतात." खाली सही आणि शिक्का. मी त्याच्या दारात गेले. म्हटलं, बाबा, हे बियाचं झाड आहे. तर तो म्हणतो, "आंटी, टॅग लावा ना, प्लॅस्टिकचे येतात." त्याची बायको अमिषा आतून म्हणाली, "वो गाँववाली है, उसको क्या समझाते हो." मी त्याच जमिनीवर उभी होते जिथे माझ्या सासऱ्याचं मिठागर होतं, आणि मी गाववाली. तिचा गाव कुठला ते मी विचारलं नाही, माझी चूक झाली. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

तरी काळजी करू नका. वाल मी वाचवले आहेत. केतनचा ड्रायव्हर रितेश माणगावकडे गाडी घेऊन येतो आहे, तो तळ्याच्या स्टँडवर गणराज पानवाल्याकडे पिशवी ठेवेल. निम्मे नाही, पुरे अधोलीभर पाठवते. आता तरी मनातून काढून टाका.

येसूबाई


बोरीचा माळ
२० नोव्हेंबर

येसूबाई,

पिशवी मिळाली. शेत तयार होतं, बायकाही सांगून ठेवल्या होत्या. पण टोकण्याआधी मी मूठभर वाल भिजत घातले. ही माझी नेहमीची रीत आहे. बी आधी तोंडाला दाखवायचं, मग जमिनीला.

दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधले, मोड आले, सोलायला बसले. माझ्या वालाचं साल नखाशी भांडतं. हे वाल बोटाने दाबले की साल आपोआप उतरत होतं. दाणा जाड आणि पांढुरका. बिरडं केलं, खोबरं, कोकम, गुळाचा खडा, जे घालायचं ते सगळं घातलं. गोड झालं. पाहुण्यांना आवडेल असं झालं. मी तीन घास खाल्ले, जिभेखाली काही येतंय का याची वाट बघितली आणि ताट सरकवून दिलं.

पिशवीच्या तळाशी गोणपाटाचा दोरा होता आणि दोन खडे होते. विहीणबाई, तुमच्या बागेत गोणपाट उगवतं का?

तुम्ही मला दुकानातले वाल पाठवलेत. मी ते टोकले असते तर? चार महिने राखले असते, माझ्या सासूचे म्हणून लोकांना दिले असते. मी मेल्यावर सुचितेने तेच पुढे चालवले असते. वाल नाहीत म्हणून सांगितलं असतंत तर मी रडले असते, भांडले असते आणि गप्प बसले असते. हे जे तुम्ही केलंत त्याला काय म्हणायचं ते मला सुचत नाही, आणि मला सहसा सुचत नाही असं होत नाही.

माझे वाल कुठे आहेत ते लिहा. नसतील तर कुठे गेले ते लिहा. विनेशचं नाव घालू नका.

मनुबाई


उलवे
२७ नोव्हेंबर

मनुबाई,

विनेशचं नाव घालत नाही.

चिंध्या मीच काढल्या. नोटीस लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी बागेत कोणी नसताना. मला लाज वाटली. सत्तरीच्या घरात आलेल्या बाईला लाल कपड्याच्या पाच चिंध्यांची लाज वाटली. लिफ्टमध्ये त्या नोटिशीसमोर उभं राहून रोज सहा मजले वर जायचं, शेजारी कोणीतरी ती वाचत असायचं आणि मग माझ्याकडे बघायचं. मनात म्हटलं, झाडं मला ओळखता येतात, चिंध्यांची काय गरज.

जानेवारीत शेंगा भरल्या. बागेतल्या मंडळींनी ठरवलं, पोपटी करू. रात्री शेतात, मडक्यात भरून जाळात भाजायच्या शेंगा, आणि यांनी वेळ दिली रविवारी दुपारी बारा वाजता. हसू नका. विस्तव पेटवायला परवानगी नाही म्हणून क्लबहाउसच्या गॅसवर, स्टीलच्या पातेल्यात. भांबुर्ड्याचा पाला मी खाडीपलीकडून आणून दिला नसता तर यांनी पालक घातला असता. शेंगा, बटाटे, अंडी, जाडं मीठ, ओवा. चाळीस माणसं आली. तरी चव लागली, मनुबाई. तुमचे वाल गॅसवरसुद्धा बोलले.

पहिलं पातेलं दहा मिनिटांत संपलं. अमिषा माझ्याजवळ आली, हाताला मीठ लागलेलं, आणि म्हणाली, "काकी, और है क्या?" चार वर्षांत पहिल्यांदा काकी म्हणाली. सगळे माझ्याकडे बघत होते. विनेशसुद्धा. मी म्हटलं, आहे की. टोपली घेतली, बागेत गेले आणि त्या पाच झाडांच्या शेंगा ओरबाडून आणल्या. मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या हाताने तोडल्या. तोडताना मला माहीत होतं.

आणि बागेत टोकण्याआधी तुमच्या अधोलीतले थोडे काढून ठेवले होते, त्यांचं बिरडं करून मी होळीला वाटलं. एकदा चटक लागली होती कौतुकाची.

"वानवळा" हा शब्द मी मागाहून शोधला. सुचितेने "आईने ठेवायला दिलेत" असंच सांगितलं होतं. दुकानातून वाल आणताना मी तिला पिशवी दाखवली नाही, पण तिने बघितली असणार. म्हणून ती तुमच्याशी तसं बोलली. तिच्यावर रागवू नका.

एक दाणा उरलेला नाही. डबे, पिशव्या, बागेची माती, सगळं धुंडाळलं.

येसूबाई


बोरीचा माळ
२ डिसेंबर

येसूबाई,

पत्र पहिल्यांदा वाचलं आणि चुलीत घालायला उठले. मग पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा चूल विझली होती.

तुम्हाला माफ केलं असं लिहायला बसले होते, पण तसं वाटत नाही तर कशाला लिहू. तुम्हाला कोणीतरी काकी म्हणावं म्हणून चार पिढ्यांचं बी गॅसवर चढलं. विनेशच्या बायकोला आज विचारा, जानेवारीत काय खाल्लं होतं. तिला आठवतसुद्धा नसेल. या लोकांना बाग हवी असते, पोपटी हवी असते, फोटो हवे असतात. झाड वाळेपर्यंत थांबायला मात्र कोणाला वेळ नसतो. आणि तुम्ही थांबणाऱ्यांतल्या होतात, म्हणून तुम्हाला दिलं होतं. माझा खरा संताप तिथे आहे.

आता काय करायचं ते सांगते. तळ्याच्या आसपास सात घरं अशी आहेत जिथे माझ्या सासूच्या वेळेस हे वाल होते. कोणाच्या मडक्यात, बाटलीत काही राहिलं असेल तर असेल. आपण दारोदार जायचं. मी एकटी जाणार नाही. तुम्ही यायचं, आणि प्रत्येक दारात वाल मागायच्या आधी आमचे वाल कुठे गेले ते तुमच्या तोंडाने सांगायचं. दुपारी बारा वाजताची पोपटीसुद्धा सांगायची.

गुरुवारच्या एसटीने या. चांगल्या चपला घाला, चढ आहे.

मनुबाई


उलवे
११ डिसेंबर

मनुबाई,

घरी पोचले. पायाला फोड आले आहेत. त्याबद्दल तक्रार नाही.

एसटी स्टँडवर मला सोडून तुम्ही गाडी सुटायच्या आत पाठ फिरवलीत. तुमच्या मनात काय होतं ते मला कळलं, पण माझ्या मनात काय होतं ते तुम्हाला कळलं नसेल, म्हणून लिहिते.

सहा दारांत मी सांगितलं. पहिल्या दारात जीभ उचलेना. चौथ्या दारापर्यंत सवय झाली. लोक हसले, चहा दिला, आणि सहाही ठिकाणी एकच उत्तर मिळालं, आता कोण करतो वाल, विकत आणतो. सातवं घर धर्माजींचं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत. आत गेले आणि काचेची बाटली घेऊन आले. राखेत दोन मुठी वाल होते. तुम्ही बघताक्षणी ओळखलेत, तुमचा हात पुढे गेला होता, मी बघितलं.

मग ते तुम्हाला म्हणाले, "मनुबाय, सोला वर्सं झाली, मी तुज्या दारात मूठभर वाल मागाया आल्तो. तू काय बोललीस?" तेच पुढे बोलले, "बी घराभायेर जात न्हाय बोललीस. मी परका, माजं ताट व्हतं का तुज्या घरात?" आणि बाटली माझ्या हातात दिली. "ही बाय माज्या दारात येऊन खाल्लं बोलली. वाल हिच्याकडं जातील. मार्चात आदी माजी मूठ परत, मंग मनुबायची."

मी तुम्हाला निम्मे वाटेतच दिले असते. पण त्यांच्या अंगणात मी शब्द दिला होता. या खेपेला मला तो मोडायचा नाही, तुमच्यासाठीसुद्धा नाही.

परवा सगळे टोकले. विनेशला बागेत बोलावलं आणि समोर उभं करून सांगितलं, इथल्या शेंगेला कोणी हात लावला तर मी वर नोटीस लावायला येणार नाही, खालीच बघून घेईन. तो "हो काकी" म्हणाला. मला काही वाटलं नाही.

येसूबाई


बोरीचा माळ
१८ डिसेंबर

येसूबाई,

आठ दिवस माझा संताप उतरला नाही, आजही पुरता उतरलेला नाही. माझ्या तालुक्यात, माझ्या ओळखीच्या अंगणात, ज्या बाईने माझं बी खाल्लं तिच्या हातात माझं बी गेलं, आणि मी रांगेत तिसरी. धर्माजी माणूस तिरसट आहेच. सोळा वर्षं एक वाक्य पोटात घेऊन बसतो म्हणजे काय.

पण तो खोटं बोलला नाही. मी तसं म्हटलं होतं. त्याला एकट्याला नाही, पाचसहा जणांना म्हटलं होतं. आपल्या घरची वस्तू आपल्या घरात राहावी असं वाटायचं. तुम्हाला दिलं ते विहीण म्हणून, घरातलं समजून.

एक गोष्ट मला परवापर्यंत माहीत नव्हती. तुम्ही गेल्यावर मी पुन्हा धर्माजीकडे गेले, एकटी, भांडायला. विचारलं, तुझे संपले म्हणून तू मागायला आला होतास, मग तुझ्याकडे हे आले कुठून, मी तर दिले नव्हते. तो म्हणाला, "तुज्या सासूनं दिलं. मागल्या दारानं. तुला नको सांगू बोलली. मंग मी परसात दरसाल चार येल करतो." मी नाही म्हणून परत पाठवलेल्या माणसाला सासूने मागून बोलावून ओंजळभर दिले होते. शेवटच्या वर्षी तिला दिसतही नव्हतं धड, तरी. घरी येऊन मी तिच्यावरही चिडले, भिंतीकडे बघून खूप बोलले. पण तिने माझं ऐकलं असतं तर हे वाल आज कुठेच नसते.

टोकायला तुम्हाला उशीर झाला आहे. पाणी जास्त घालू नका, वाल दवावर होतात. शेंगा खडखड वाजल्याशिवाय तोडू नका.

मार्चात मी येते. धर्माजीला घेऊन येते, त्याला एसटीत खिडकी लागते. त्याची मूठ त्याला आधी मोजून द्या. ती देऊन झाली की मला हाक मारा, मोठ्याने मारा, ऐकू येत नाही. मी तुमच्या गेटजवळच्या बाकावर बसून राहीन.

मनुबाई